मानसशास्त्रज्ञांची आचारसंहिता : तिची पारख कशी करावी?

मानसशास्त्रज्ञाकडे येणारा मनुष्य ज्या गोष्टी आप्तेष्टांनाही सांगत नाही, त्या त्याच्यापुढे उघड करतो. या विश्वासाचे रक्षण व्हावे म्हणून त्या व्यवसायाने स्वतःवर घालून घेतलेले निर्बंध म्हणजे आचारसंहिता होय. परंतु संहिता असणे निराळे आणि ती चांगली असणे निराळे. तिची पारख करण्यास तीन प्रश्न उपयोगी पडतात.

पहिला प्रश्न असा, की नियम कोठून आले? अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने १९४८ साली आपल्या सभासदांना पत्रे पाठवून, नीतीचा पेच पडला असे प्रत्यक्ष प्रसंग कळविण्यास सांगितले. हजाराहून अधिक प्रसंग जमा झाले व त्यांच्या आधारे तयार झालेली पहिली संहिता १९५३ साली प्रसिद्ध झाली. अनुभवातून नियम काढण्याची ही रीत शास्त्राला शोभेशीच होती.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. दोन कर्तव्यांत विरोध आला, तर कोणते श्रेष्ठ मानावयाचे? याच संघटनेच्या २००२ सालच्या संहितेत अशी सवलत होती, की कायद्याशी वा शासकीय आज्ञेशी असलेला विरोध मिटेनासा झाल्यास मानसशास्त्रज्ञाने कायद्याचे पालन केले तरी चालेल. वरकरणी हे वाक्य निरुपद्रवी वाटते. परंतु पुढे २००५ साली संघटनेच्या एका समितीने राष्ट्रीय सुरक्षेसाठी चालणाऱ्या बंदिवानांच्या चौकशीतील मानसशास्त्रज्ञांचा सहभाग नीतीला धरून असल्याचे सांगितले, तेव्हा त्या सवलतीतील धोका लोकांच्या ध्यानी आला. २०१० साली संहितेत दुरुस्ती झाली आणि मानवी हक्कांच्या भंगाचे समर्थन करण्यास या नियमाचा आधार मुळीच घेता येणार नाही, असे शब्द घालण्यात आले. संघटनेचे काही अधिकारी संरक्षण खात्याशी संगनमत करून वागले, असा निष्कर्ष २०१५ साली एका स्वतंत्र वकिलाच्या अहवालात निघाला. त्यावर आक्षेपही घेतले गेले. तथापि त्याच वर्षी संघटनेने अशा चौकशीतील सहभागास मनाई केली.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली निराळा मार्ग पत्करला. त्यांच्या संहितेत चार तत्त्वे महत्त्वाच्या क्रमाने मांडलेली आहेत : मानवी प्रतिष्ठेचा आदर, जबाबदारीने काळजी घेणे, संबंधांतील सचोटी आणि समाजाविषयीचे उत्तरदायित्व. कोणाच्या जिवाला उघड व तातडीचा धोका नसेल, तर पहिल्या तत्त्वाला सर्वांत अधिक वजन द्यावयाचे. क्रमाने प्रत्येक पेच सुटतो असे नाही. पण विचार कोठून सुरू करावयाचा हे तरी निश्चित होते.

तिसरा प्रश्न अंमलबजावणीचा. आपल्या देशात १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यान्वये चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी होते आणि व्यावसायिक गैरवर्तन केल्यास नाव नोंदवहीतून काढून टाकण्याची तरतूद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असल्यास तो टाळण्यापुरतीच माहिती उघड करता येते. ‘टाळण्यापुरतीच’ ही मर्यादा महत्त्वाची आहे, कारण अपवादाला कुंपण नसेल तर मूळ नियमच नाहीसा होतो.

सत्तेचे व दुर्बळाचे हित परस्परविरुद्ध असेल, तेव्हा संहिता कोणाच्या बाजूने उभी राहते, हे तिचे अपवाद वाचले म्हणजे कळून येते. म्हणून कोणतीही आचारसंहिता हाती घेतली, की तिच्या उदात्त प्रस्तावनेपेक्षा तिचे अपवाद आधी वाचावेत.