मोरारियाच्या उतारावरून: लिस्बनचे एक तप

पडझड झालेल्या इमारती, विटा रचून बुजवलेल्या खिडक्या आणि दारोदार ‘विकणे आहे’च्या पाट्या. 2012 सालच्या लिस्बनमध्ये मोरारिया, आल्फामा या जुन्या वस्त्यांत हे चित्र गल्लोगल्ली दिसे. पोर्तुगालने आदल्याच वर्षी 78 अब्ज युरोंची मदत घेऊन दिवाळखोरी टाळली होती. पगार कापले गेले होते, शिकलेली मुले देश सोडून चालली होती. मी हे शहर पहिल्यांदा पाहिले ते त्या दिवसांत, पाहुणी म्हणून. आता इथेच राहते. मधल्या काळात लिस्बनने काय कमावले आणि कोणी काय गमावले, हे मांडावेसे वाटते. गोव्यातल्या कितीतरी घरांत आज पोर्तुगालच्या कागदपत्रांची फाइल तयार होत असते, हेही त्यामागचे एक कारण आहे.

शहर बदलले ते मुख्यतः कायद्यांनी. जुन्या भाडेकरूंची भाडी वर्षानुवर्षे गोठलेली होती, त्यामुळे मालक दुरुस्तीला हात लावत नव्हते. 2012 च्या भाडेकायद्याने ती गाठ सोडवली. भाडे वाढवणे आणि भाडेकरू काढणे दोन्ही सोपे झाले. त्याच वर्षी ‘गोल्डन व्हिसा’ आला: पाच लाख युरोंची मालमत्ता घ्या, निवास परवाना मिळवा. परदेशातून येणाऱ्यांसाठी करसवलत 2009 पासून होतीच. 2014 मध्ये पर्यटकांना घरे भाड्याने देण्याचे नियम सुटसुटीत झाले आणि 2016 मध्ये वेब समिट ही तंत्रज्ञान परिषद डब्लिनहून इकडे आली. रंग उडालेल्या घरांवर मचाणे चढली. दारांच्या चौकटींवर, पर्यटकांसाठी आकड्यांचे कुलूप असलेल्या छोट्या चावीपेट्या लटकू लागल्या. ज्या दारावर अशा चार पेट्या, तिथे वर राहणारे कोणी उरलेले नाही, हे मला कळायला वेळ लागला नाही.

मोरारियाला बाहेरची माणसे नवी नाहीत. 1147 मध्ये अफोन्सो एन्रिकेश या राजाने शहर जिंकल्यावर मुसलमानांना किल्ल्याबाहेरचा हा उतार राहायला दिला. फादो ही पोर्तुगीज गाणी गाणारी मारिया सेवेरा एकोणिसाव्या शतकात इथल्याच गल्लीत राहिली. 1975 मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तिथले गुजराती व्यापारी आले, मग चिनी, बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी. मार्टिम मोनिझ चौकातून बेनफोर्मोझो रस्त्याला वळले की कढीपत्ता, तूरडाळ, हलाल मटण, मोबाइल दुरुस्ती आणि न्हाव्याची दुकाने एका ओळीत लागतात. आमच्या मडगावशी पिढीजात नाते असलेले आंतोनियो कोश्ता महापौर असताना त्यांनी 2011 मध्ये आपले कार्यालयच शेजारच्या इंतेंदेंत चौकात हलवले. वस्तीचे रूप पालटले. सुधारणा खरी होती, गरजेची होती. पण तिच्या पाठोपाठ भाडी चढली, आणि ज्यांच्यासाठी ती व्हायला हवी होती तेच आधी उठले.

मी इथे आले ते वडिलांच्या जन्मनोंदीवर. ते डिचोलीत, 19 डिसेंबर 1961 च्या आधी जन्मलेले. अशांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे. लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात आधी त्यांचा जन्म नोंदवला गेला, मग माझा. कागद हातात असूनही घर मिळेना. घरमालकाला स्थानिक उत्पन्नाचा जामीनदार हवा, वर काही महिन्यांचे भाडे आगाऊ. एकाने नाव ऐकताच जागा गेली म्हणून सांगितले. पाटी मात्र पुढेही तशीच होती. शेवटी मिळालेल्या घराला हिवाळ्यात ऊब नाही. इथल्या जुन्या घरांत हीटर नसणे सर्रास आहे. पाऊस लागला की कोकणातल्या घरासारखी कपाटामागे काळी बुरशी चढते.

तरी हे शहर माणसाला धरून ठेवते. 2019 च्या एप्रिलपासून 40 युरोंच्या मासिक पासात संपूर्ण महानगरात बस, मेट्रो, लोकल आणि नदीवरची बोट चालते. कष्टकऱ्यांसाठी इतके मोठे काम अलीकडे दुसरे झाले नाही. आणि जूनमध्ये सांत आंतोनियोचा उत्सव येतो. 12 तारखेच्या रात्री गल्लीत निखाऱ्यांवर बांगड्याएवढ्या सार्डिन भाजतात आणि छोट्या कुंडीतला ‘मांजेरिको’ विकायला येतो. तो आपल्या तुळशीचाच भाऊबंद. बारीक पानांचा, गोल चेंडूसारखा कापलेला, वर कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. त्याला नाक लावून हुंगायचे नाही. तळवा पानांवरून हलकेच फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. हे मला शेजारच्या आजींनी शिकवले. पुढच्या जूनला त्या नव्हत्या. करार संपला होता आणि मुलीकडे, नदीपलीकडे जाण्यावाचून इलाज नव्हता.

परक्यांचेही दोन वर्ग पडले. पैसा घेऊन येणाऱ्याला शहराने दार उघडून दिले. डिलिव्हरीची पेटी पाठीवर वाहणाऱ्याला रांगेत उभे केले. मालमत्तेच्या जोरावरचा गोल्डन व्हिसा 2023 मध्ये बंद झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परकीय नागरिकांचे जुने खाते मोडून ‘आइमा’ ही नवी संस्था आली, तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास प्रकरणे तुंबलेली होती. देशात येऊन, काम धरून परवाना मागण्याची सोय जून 2024 मध्ये काढून घेतली गेली. भाजी खुडणारे, भांडी घासणारे, इमारती बांधणारे हात मात्र देशाला रोज लागतात.

2024 चा 19 डिसेंबर मी विसरणार नाही. पोलिसांनी बेनफोर्मोझो रस्ता दोन्ही बाजूंनी अडवला आणि डझनावारी माणसांना हात वर करून भिंतीला तोंड करून उभे केले. तो फोटो देशभर गेला. आम्हा गोव्याच्या माणसांना ही तारीख मुक्तीची म्हणून पाठ आहे. आणि मला आठवतात गोवा मुक्तिलढ्यातले सांगलीचे मोहन रानडे. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला, तरी लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात ते 1969 पर्यंत कैदेत होते. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी जिवाचे रान केले होते. काश्काइशला जाणारी लोकल काशियशवरूनच जाते. पर्यटकांना त्या कैदेची कल्पना नसते. फोटोनंतर महिनाभरातच, 11 जानेवारी 2025 ला, ‘आम्हाला भिंतीला लावू नका’ म्हणत हजारो लोक मार्टिम मोनिझपर्यंत चालत आले. त्यांत पोर्तुगीज म्हातारेकोतारे होते, तरुण होते. लिस्बनची अब्रू त्या दिवशी त्यांनी राखली, असे माझे स्पष्ट मत आहे.

इकडे यायचे ठरवलेल्यांना एवढेच सांगणे: एजंटच्या भरवशावर विमानात बसू नका. भाडेकरार कर कार्यालयात नोंदवलेला आहे याची खात्री करूनच आगाऊ रक्कम द्या. बेनफोर्मोझोवरच्या माणसाला आपल्याहून वेगळे समजू नका. आपल्या हाती आजोबा-वडिलांची जन्मनोंद आहे, त्याच्या हाती ती नाही, फरक इतकाच. आणि नवागतांसाठी सरकारचे पोर्तुगीज भाषेचे मोफत वर्ग चालतात, तिथे पहिल्याच महिन्यात नाव घाला.