मोठ्या चाकाचा मोह

वाहन आपल्या मालकीचे झाले की त्यात आपल्या हौसेची काही भर घालावी, ही इच्छा फार जुनी आहे. बैलगाडीच्या काळी हौशी शेतकरी बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा बांधी, गाडी रंगवून घेई. पण चाकाचा घेर मात्र सुताराच्या विचारानेच ठरे. चाक ही हौसेची नव्हे, हिशेबाची बाब आहे, हे त्याला ठाऊक होते.

आज दिल्ली, गुरुग्राम, नोएडा आणि फरीदाबाद या परिसरात आडवाटेने जाऊ शकणाऱ्या, चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचवणाऱ्या गाड्यांची हौस वाढली आहे. अशी गाडी दारात आली की तिला मोठे टायर बसवावेत, हा विचार मालकाच्या मनात लवकरच येतो. करोल बागेतील दुकानांत हे काम थोड्या वेळात उरकते. त्यामागील हिशेब मात्र तितक्या सहजपणे कोणी समजावून सांगत नाही.

मोठे चाक हवेसे का वाटते, याला सबळ कारण आहे. खाचखळग्यातून वा दगडावरून जाताना मोठ्या घेराचे चाक कमी अडखळते; बैलगाडीची चाके उंच असत ती याचसाठी. दुसरे कारण जमिनीपासूनच्या उंचीचे. स्प्रिंगा उंच केल्या तर गाडीचा सांगाडा वर उचलला जातो; पण सलग आस असलेल्या गाडीत आसाच्या मध्यावरील डिफरन्शिअलचा गोळा होता तेथेच राहतो आणि दगडावर आपटतो तो बहुधा तोच. हा गोळा वर उचलण्याचा सरळ उपाय म्हणजे मोठे चाक.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. गुरुग्राम येथील कारखान्यात तयार होणारी आणि २०२३ साली भारतीय बाजारात आलेली मारुतीची जिम्नी ही गाडी १९५/८० आर १५ या मापाच्या टायरवर चालते. या आकड्यांचा अर्थ असा : टायरची रुंदी १९५ मिलिमीटर, त्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, आणि आतील लोखंडी चाकाचा व्यास १५ इंच. म्हणजे भिंत १५६ मिलिमीटर आणि पूर्ण चाकाचा व्यास ६९३ मिलिमीटर. समजा, कोणी त्याजागी २३५/७५ आर १५ हा टायर बसवला. त्याचा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर भरतो. व्यास ४० मिलिमीटरांनी वाढला. परंतु आस चाकाच्या मध्यभागी असल्यामुळे गाडीची जमिनीपासूनची उंची वाढते ती त्याच्या निम्मी, म्हणजे २० मिलिमीटर. मूळची २१० मिलिमीटरांची उंची २३० झाली. पदरी पडले ते एवढेच.

याची किंमत किती ते पाहू. नवे चाक एका फेऱ्यात जुन्यापेक्षा सुमारे ६ टक्के अधिक अंतर कापते. वेगमापक मात्र जुन्या चाकाच्याच हिशेबाने वेग सांगत राहतो. जुन्या चाकांवर ज्या वेगाला काटा १०० दाखवी, त्याहून ६ टक्के अधिक वेगाला तो आता तोच आकडा दाखवतो. वेग ६ टक्क्यांनी वाढला की धावत्या गाडीची ऊर्जा सुमारे १२ टक्क्यांनी वाढते. दुसरीकडे ब्रेकची तबकडी होती तेवढीच राहिली आणि चाकाची त्रिज्या वाढली. म्हणून पायाच्या त्याच दाबाने मिळणारा रोध ५ ते ६ टक्क्यांनी घटतो. इंजिनाचा जोरही रस्त्यापर्यंत त्याच प्रमाणात कमी पोहोचतो. म्हणजे चढावर गाडी थकते आणि उतारावर उशिरा थांबते. गाडीचा गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर कलंडण्याचा संभव वाढतो. सुकाणू पूर्ण वळवले असता टायर आतल्या पत्र्याला घासू शकतो. स्टेपनी जुन्याच मापाची ठेवली आणि प्रसंगी ती लावून चारही चाके जोडलेल्या स्थितीत पक्क्या रस्त्यावर गाडी हाकली, तर असमान चाकांचा ताण दंतचक्रांवर येतो.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, यमुनेच्या खादरातील वाळूत गाडी रुतते ती बहुधा चाक लहान म्हणून नव्हे, टायर कडक म्हणून. उंटाचे पाऊल वाळूत पसरते, घोड्याचा खूर रुततो. टायरमधील हवा १५ ते १८ पौंडांपर्यंत उतरवली की तो जमिनीवर पसरतो आणि तीच गाडी, त्याच चाकांवर, वाळूतून सुखरूप बाहेर येते. या उपायाला खर्च जवळजवळ नाही. मात्र एक पथ्य अवश्य पाळावे लागते. वाळूतून बाहेर पडताच हवा पुन्हा पूर्ववत भरली पाहिजे. ग्रेटर नोएडापासून आग्र्यापर्यंत १६५ किलोमीटर पसरलेल्या, २०१२ साली खुल्या झालेल्या यमुना द्रुतगती मार्गावर कमी हवेचा टायर वेगाने धावला, तर त्याची भिंत सतत दुमडून तापते आणि टायर फुटतो. तेथे जाते ती हौस नव्हे, माणसे.

कायद्याचे म्हणणेही स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघातानंतर विम्याची भरपाई मागताना हाच बदल वादाचे कारण ठरू शकतो. आणि चाके मोठी झाली म्हणून सगळी जमीन मोकळी झाली, असेही नाही. हरियाणातील अरवलीच्या टेकड्यांचा मोठा भाग १९०० सालच्या भूसंरक्षण कायद्याखाली येतो. तेथील झुडपे आणि पाणी मुरवणारी माती चाकाखाली एकदा उखडली गेली, की ती पूर्ववत व्हायला अनेक पावसाळे लागतात.

मग हौस करूच नये काय? तसे नाही. त्या गाडीसाठी उत्पादकाने मान्य केलेली मापे तिच्या पुस्तिकेत वा दाराच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेली असतात. त्यांतून निवड करावी. टायरवरील भारांक व वेगांक मूळच्यापेक्षा कमी नसावा. उदाहरणार्थ, ९६ हा भारांक एका टायरवर ७१० किलोग्रॅम भार चालतो, असे सांगतो. माप तेच ठेवून चिखलाला वा दगडाला योग्य अशी खोल नक्षी निवडता येते. जवळ हवेचा दाब मोजण्याचे साधन आणि छोटा पंप ठेवावा. आणि मुख्य म्हणजे चालवण्याची कला शिकावी. कारण खडकाळ वाटेवर गाडी पार होते ती पुष्कळदा चालकाने चाक कोठे ठेवले यावर, चाक केवढे आहे यावर नव्हे.

गाडी घडवताना अभियंत्याने चाक, ब्रेक, दंतचक्रे आणि स्प्रिंगा यांचा मेळ एकत्र बसवलेला असतो. त्यांतले एक बदलले की उरलेल्या सर्वांना आपापला हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तो हिशेब आपण आधी कागदावर मांडला, तर रस्त्यावर मांडण्याची वेळ येत नाही.