जर–तर, वाइनचे तारे आणि आपला निर्णय

मागच्या व्याख्यानात आपण ‘जर–तर’ विधानांचा विचार केला. त्यानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, ‘वाइनला तारे देण्याचं माझं खातं आहे. आपोआप सूचना पाठवणाऱ्या साधनाला ते जोडू का?’ हा प्रश्न आम्हाला कशाला, असं आधी वाटलं. पण अशा एका प्रसिद्ध साधनाचं नावच बघा, आयएफटीटीटी. म्हणजे ‘इफ धिस, देन दॅट’. जर हे, तर ते! तेव्हा प्रश्न आमच्याच अंगणातला आहे.

आधी जोडणी कशी होते ते पाहू. साधनात ‘कनेक्ट’ दाबलं की ते आपल्याला वाइनच्या सेवेच्या स्वतःच्या पानावर नेतं. आपण पासवर्ड तिथं देतो, साधनाला नाही. मग परवानग्यांची यादी दिसते, म्हणजे काय वाचणार, काय लिहिणार. आपण होकार दिला की सेवा साधनाला एक टोकन देते. या पद्धतीला ओऑथ म्हणतात. टोकन म्हणजे घराची किल्ली नव्हे, ठरावीक खोलीपुरता पास. वाइनच्या सेवेनं अशी सोय ठेवलीच नसेल, आणि दुसरं कुणी ‘पासवर्ड द्या, आम्ही जोडून देतो’ म्हणत असेल, तर तिथं थांबावं.

जोडणी झाली की नियम करायचा. ‘जर’च्या जागी घटना, ‘तर’च्या जागी कृती. उदाहरणार्थ, माझ्या यादीतल्या वाइनची सरासरी 4 ताऱ्यांच्या वर गेली, तर मला ईमेल यावा. काही साधनं ठरावीक वेळानं खात्यात डोकावतात, काहींना सेवाच कळवते. म्हणून सूचना कधी लगेच येते, कधी उशिरा.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. धुरावरून अग्नीचं अनुमान करतो तेव्हा दोहोंमधला संबंध आपण निर्माण केलेला नसतो, तो आपण जाणतो. नैयायिक त्याला व्याप्ती म्हणतात. इथं मात्र तारे आणि ईमेल यांचा संबंध आपणच बांधला. त्यामुळे सूचना आली म्हणजे वाइन चांगली, असं सिद्ध होत नाही. एक आकडा आपणच आखलेली रेघ ओलांडून गेला, एवढंच सिद्ध होतं. तिघांनी मिळून दिलेले 4.5 आणि तीन हजार जणांनी दिलेले 4.1 यांतलं वजनदार कोणतं, हे साधन आपणहून सांगत नाही.

डेव्हिड ह्यूमनं 1757 साली अभिरुचीच्या निकषावर निबंध लिहिला. त्यात सँको पांझाच्या दोन नातलगांची गोष्ट येते. पिंपातली दारू चाखून एक म्हणाला, चामड्याची चव आहे. दुसरा म्हणाला, लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली निघाली! त्यांच्या मतांची सरासरी काढून किल्ली सापडली नसती. ह्यूमला निकष हवा होता तो सरावलेल्या, तुलना करू शकणाऱ्या, पूर्वग्रह बाजूला ठेवणाऱ्या परीक्षकांच्या एकमताचा. म्हणून साधनात सोय असेल, तर सरासरीपेक्षा ज्याची जीभ आपल्याला ठाऊक आहे अशा माणसाच्या मतावर ‘जर’ बांधणं शहाणपणाचं.

पण खरी मेख ‘तर’मध्ये आहे. आमच्या एका स्नेह्यांनी हौसेनं नियम केला होता की, मी तारे दिले की घरच्यांना ईमेल जावा. पुढे डॉक्टरांनी मद्य बंद केलं. एका लग्नात त्यांनी एक पेला घेतला आणि सवयीनं तारे दिले. बाटलीच्या नावासकट ईमेल वहिनींच्या फोनवर! वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. साधनाचं काय चुकलं? काहीच नाही. माणसाची परिस्थिती बदलली, नियम तसाच राहिला. तुम्ही म्हणाल, चूक तर पेला घेण्याची होती. असेल. पण घरी सांगायचं की नाही, केव्हा सांगायचं, हा निर्णय त्यांचा होता. तो त्यांनी वर्षभरापूर्वीच देऊन टाकला होता आणि विसरूनही गेले होते.

आपण होकार एकदाच देतो. त्या होकारावर साधन रोज वागतं. म्हणून तीन गोष्टी सांभाळा. परवानगी लागेल तेवढीच द्या. सूचना आधी फक्त स्वतःकडे येऊ द्या. आणि कंटाळलात तर नुसता नियम पुसू नका. नियम गेला तरी जोडणी राहू शकते. वाइनच्या खात्यात ‘जोडलेली ॲप्स’ असा भाग शोधा आणि तिथून परवानगी काढून घ्या. पासवर्ड बदलल्यानं टोकन रद्द होतंच, असं नाही.

तेव्हा जोडू का? जरूर जोडा. फक्त अधूनमधून तो नियम उघडून स्वतःला विचारा, हा ‘जर’ अजून माझाच आहे ना? आता तुमचे प्रश्न घेऊ.