घर वर उचलताना

आईच्या खुब्याचा सांधा बदलण्याचं ऑपरेशन दीड तासात उरकलं. घर तयार करायला मात्र चार दिवस लागले, आणि तेही आम्ही उशिरा सुरू केलं. आईचं अख्खं आयुष्य जमिनीलगत गेलेलं. विळी खाली, देवांपुढचा पाट खाली, तांदूळ निवडायचे तेही पाय पसरून. आणि घरी सोडताना हातात दिलेल्या कागदावर पहिलंच कलम होतं: खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू नये. बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, म्हणजे सोफाही बाद. त्यात माणूस रुततो.

मग पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे आले, कमोडवर उंच बैठक बसली. सतरंज्या माळ्यावर गेल्या, कारण वॉकर अडकतो तो नेमका त्यांच्याच कडेत. देव टेबलावर आले. "देवांचंही ऑपरेशन झालं म्हणायचं," आई म्हणाली.

शाळेच्या पुस्तकात खुब्याला उखळीचा सांधा म्हणतात. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. आईची कूर्चा झिजून हाडावर हाड घासत होतं. आता माथ्याच्या जागी नवा गोळा आहे, वाटीला प्लॅस्टिकचं अस्तर. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी १९६२ साली पॉलिथिलीनच्या वाटीत धातूचा लहान गोळा बसवायला सुरुवात केली, त्याच घराण्यातला हा सांधा. आधी त्यांनी टेफ्लॉन वापरून पाहिलं होतं, ते भराभर झिजलं. मला मात्र राहून राहून वाटायचं, ही युक्ती खुर्चीवर बसणाऱ्यांच्या देशात निघाली. तिथे कुणाला मांडी घालून जेवायचं नव्हतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून तिला उभं केलं होतं. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पडल्या पडल्या पावलं वर-खाली करायची. ती आईने जपमाळेवर मोजली. घरी येणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणायची, "आजी, दहाच पुरेत." आजी १०८ वर थांबायच्या. रात्री दोन पायांमध्ये उशी घेऊन उताणं झोपायचं, हे तिला सगळ्यात जड गेलं. साठ वर्षं डाव्या कुशीवर झोपलेली बाई.

वॉकर सुटून काठी आली तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाने तिला दुरुस्त केलं. ऑपरेशन उजव्या खुब्याचं आणि काठी डाव्या हातात! पण तेच बरोबर असतं. उजव्या पायावर उभं राहिलं की कंबर डावीकडे कलू पाहते. तिला सावरणारे खुब्याबाहेरचे स्नायू अजून अशक्त असतात, म्हणून टेकू कलत्या बाजूला हवा. जिन्याचा नियम होता, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. आईने तो आपल्या भाषेत बसवला: चढताना सासू पुढे, उतरताना सून.

खरी पंचाईत पाचव्या आठवड्यात झाली. दुखणं जवळजवळ थांबलं. तोवर वेदनाच तिला आवरत होती. आता आवरायला नुसता कागद उरला. एका सकाळी ओट्याजवळ कढीपत्त्याची डहाळी पडली आणि आई सवयीने खाली वाकली. मी ओरडलो. काही झालं नाही, पण अर्धा तास आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. तिच्या खुब्याला चीर मागून दिलेली. कापून शिवलेले स्नायू आणि सांध्याचं आवरण धरायला वेळ लागतो, आणि तोवर गोळा वाटीतून निसटू शकतो. (चीर पुढून असेल तर नियम वेगळे असतात, ते आपल्या डॉक्टरांनाच विचारावेत.) संध्याकाळी मी बाजारातून लांब दांड्याचा चिमटा आणला. तिने त्याने आधी माझा कान धरून पाहिला.

आज अकरावा आठवडा. ती काठी घेऊन कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाते, नमस्कार उभ्यानेच करते. पाट अजून माळ्यावरच आहे.

तुमच्या घरी कुणाचं हे ऑपरेशन ठरलं असेल तर तारखेच्या आठवडाभर आधी मोजपट्टी घ्या. त्या माणसाच्या गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा, आणि पलंग, खुर्ची, कमोड त्याहून दोन-तीन इंच उंच करून ठेवा. आमचे ठोकळे रिक्षा दारात आली तेव्हाही सुताराकडेच होते.