मेणातील सुगंधाची पारख

वात नसलेली सुगंधी मेणाची वडी वाटीत ठेवून खालून मंद उष्णता दिली, की खोली दरवळू लागते. अशी वडी घरी करणारा मनुष्य बहुधा तेलाची कुपी हुंगून सुगंध निवडतो आणि तेथेच फसतो. संत्र्याच्या सालीतील लिमोनीन सुमारे १७६ अंश सेल्सियसला उकळते. व्हॅनिलिन २८५ अंशांच्या आसपास. साहजिकच तापलेल्या मेणातून संत्र्याचा वास आधी उडून जातो, व्हॅनिलाचा मागे रेंगाळतो. कुपीत मात्र दोघेही गुण्यागोविंदाने नांदत असतात!

म्हणून परीक्षा वितळलेल्या मेणाचीच घ्यावी. शंभर ग्रॅम मेणात प्रथम तीन, मग सहा ग्रॅम तेल वजन करून घालावे. थेंब मोजू नयेत, कारण दाट व पातळ तेलांचे थेंब सारखे नसतात. तेल फार झाल्यास ते वडीच्या अंगावर घामासारखे फुटते. वडी तापू लागल्यावर दर तासाला वास टिपून ठेवावा. टिपणारा मात्र बाहेरून आत आलेला हवा. खोलीत बसून राहिलेल्याचे नाक थोड्याच वेळात त्या वासाला सरावते, आणि सुगंध दरवळत असूनही तो संपला असे त्याला वाटते. वड्यांवर नावांऐवजी केवळ अंक घातले, तर आवडीनिवडीचा पक्षपातही टळतो.