भायखळ्याचा रेसकोर्स कुठे गेला?

मुंबईत रेसकोर्स म्हटलं की महालक्ष्मीचं नाव येतं, आणि बहुतेकांच्या लेखी या गोष्टीची सुरुवातही तिथेच होते. महालक्ष्मीच्या मैदानावर शर्यती सुरू झाल्या त्या 1883च्या सुमारास. त्याआधी एकोणिसाव्या शतकाचा बहुतेक सगळा काळ मुंबईचे घोडे भायखळ्याला धावत होते. शतकाच्या अगदी सुरुवातीला उभा राहिलेला बॉम्बे टर्फ क्लब तिथलाच. आज बेलासिस रोडवर, म्हणजे जहांगीर बोमन बेहराम मार्गावर, किंवा क्लेअर रोडवर, म्हणजे मिर्झा गालिब मार्गावर, त्या मैदानाची कसलीही खूण दिसत नाही. मैदान गेलं कुठे, असं विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं : जागा अपुरी पडू लागली, म्हणून शर्यती महालक्ष्मीला हलल्या. हे खोटं नाही, पण अर्धवट आहे. ऐंशी वर्षं पुरलेली जागा त्याच सुमारास का अपुरी पडली, आणि मैदान सरकलं ते नेमकं महालक्ष्मीलाच का, हे त्यातून कळत नाही. माझ्या मते भायखळ्याच्या रेसकोर्सचा इतिहास हा घोड्यांपेक्षा जमिनीचा इतिहास आहे. समुद्रातून सुटलेली, पण वस्तीच्या अजून कामी न येणारी अशी एक जमीन शहराच्या कडेला काही दशकं पडून होती. रेसकोर्स हा तिचा त्या मधल्या काळातला भाडेकरू. तो काळ संपला तसा भाडेकरूही उठला.

या जमिनीची कथा वरळीपासून सुरू होते. मुंबई सात बेटांची होती तेव्हा वरळी आणि महालक्ष्मीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरायचं आणि मधला सगळा सखल भाग, थेट भायखळ्यापर्यंत, खाजण होऊन राहायचा. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत हे खिंडार बुजवण्याचं काम चाललं आणि 1784च्या आसपास बांध पुरा झाला. समुद्र अडला, पण त्यामुळे आतली जमीन लगेच कोरडी झाली असं नव्हे. समुद्रसपाटीलाच, काही ठिकाणी तर तिच्याही खाली असलेल्या या पट्ट्यात पावसाचं पाणी साचायचं आणि त्याला बाहेर जायला वाट नसायची. इंग्रज कागदपत्रांत या भागाला ‘फ्लॅट्स’ हेच नाव पडलं. घर बांधायला ती जागा कुचकामी होती, मिठामुळे पिकालाही फारशी चांगली नव्हती. तिच्या कडेने पहिला मोठा रस्ता झाला तो 1793मध्ये, तोही दुष्काळी कामातून. सुरतेहून उपाशीपोटी आलेल्या गरिबांना काम मिळावं म्हणून लोकवर्गणीच्या पैशातून तो बांधला गेला, आणि ज्याच्या हुकुमावरून बांधला त्या मेजर जनरल बेलासिसचं नाव त्याला मिळालं. तशी नोंद दगडावर कोरून ठेवलेली होती. रस्त्याला साहेबाचं नाव मिळालं, पण सुरतेच्या माणसांचाही उल्लेख त्याच दगडावर राहिला, हे त्या काळाच्या मानाने विशेषच.

रस्ता झाला, बांध झाला, आणि कोट ते परळ या वाटेवर एक मोठं, सपाट, मोकळं मैदान आयतं हाती आलं. परळला गव्हर्नरचा बंगला होता, माझगाव-भायखळ्यात युरोपियनांच्या आणि श्रीमंत पारशांच्या बागा होत्या. पुढे डेव्हिड ससूनचा वाडाही भायखळ्यातच उभा राहिला. तिथे आज मसीना हॉस्पिटल आहे. हिवाळ्यात जमीन सुकून कठीण व्हायची आणि शर्यतींचा मोसमही हिवाळाच. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी असलं तरी कुणाचं काही अडत नव्हतं. शेतकऱ्याला नको, घरमालकाला नको, पण वर्षातले चार महिने घोडे पळवायला उत्तम, अशी ही जमीन होती. 1833मध्ये जवळच भायखळा क्लब निघाला आणि मुंबईतल्या गोऱ्या उच्चभ्रूंचं ते मुख्य ठाणं झालं. क्लब आणि मैदान एकमेकांच्या आधाराने वाढले. शर्यतींमुळे क्लबला माणसं मिळायची, आणि क्लबमुळे शर्यतींना यजमान, पैसा आणि पंच.

धावणारे घोडे मात्र विलायती नव्हते, आणि या मैदानाची खरी श्रीमंती मला इथे दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या शर्यती म्हणजे मुख्यतः अरबी घोड्यांच्या शर्यती. पावसाळा उतरला की बसरा आणि इराणच्या आखातातल्या बंदरांतून गलबतं मुंबईला लागत. त्यांत खजूर असे, तसे घोडेही असत. लष्कराला घोडे लागत, संस्थानिकांना लागत, आणि त्यातले निवडक शर्यतीसाठी बाजूला निघत. भेंडीबाजाराच्या बाजूला अरब सौदागरांचे तबेले होते. तिथे घोडा पाहायचा, दात तपासायचे, चालवून बघायचा, भाव ठरवायचा, हा सगळा व्यवहार अरब, इराणी, पारशी, मुसलमान आणि इंग्रज असा मिळून चालायचा. मैदान क्लबच्या साहेबांचं होतं, पण ज्या जनावरावर त्यांची मजा उभी होती ते पुरवणारी, ओळखणारी आणि निगराणी करणारी माणसं बाजारातली होती. भायखळ्याला मैदान टिकलं यात या तबेल्यांच्या जवळिकीचा वाटा मोठा असला पाहिजे. बंदर, तबेला आणि मैदान ही तिन्ही ठिकाणं एका सकाळच्या रपेटीत होतील इतक्या अंतरावर होती.

मग बदललं काय? 1853मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि तिचे रूळ भायखळ्यावरूनच गेले. लगोलग, 1854मध्ये, कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणी काढली. 1856पासून ती चालू लागली. ताडदेव म्हणजे या सखल पट्ट्याचीच दुसरी कड. पुढच्या वीस वर्षांत गिरण्यांची रांग लागली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि हातात खेळणारा पैसा समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांमध्ये ओतला गेला. 1865मध्ये तो फुगा फुटला आणि भलेभले बुडाले. पण मुंबईत जमीन तयार करता येते आणि विकता येते, हा धडा शहराच्या डोक्यात पक्का बसला. 1864च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या 8,16,562 भरली. तेजी ओसरल्यावर 1872मध्ये ती 6,44,405वर आली, तरी पन्नास वर्षांपूर्वीच्या शहराशी तिची तुलनाच नव्हती. एवढ्या माणसांचा कचरा टाकायचा कुठे? नगरपालिकेने तो ‘फ्लॅट्स’च्या सखल भागात टाकायला सुरुवात केली. त्यात दोन कामं साधत : शहराची घाण जायची आणि खड्डे भरून जमीन वर यायची. ज्या जमिनीला कुणी विचारत नव्हतं, ती आता गाडीगाडीने उंच होत होती. भराव पडला की भाव येतो आणि भाव आला की चाळ, गोदाम, गिरणी येते. चार महिने वापरायचं आणि आठ महिने पडून राहू द्यायचं मैदान हा आता परवडणारा प्रकार राहिला नाही.

यावर पहिला आक्षेप शर्यतीच्या जाणकाराकडून येईल. तो म्हणेल, जमिनीचं राहू द्या, खेळच बदलला होता. विलायती थरोब्रेड आणि ऑस्ट्रेलियातून येणारे घोडे उतरू लागल्यावर अरबी घोडा वेगात मागे पडला. त्याला वजनाची सवलत द्यावी लागे किंवा त्याच्या शर्यती वेगळ्या लावाव्या लागत. मोठ्या चालीच्या घोड्यांना रुंद वळणांचा, लांब पल्ल्याचा मार्ग हवा, आणि तो भायखळ्यात बसत नव्हता. यात तथ्य आहे. महालक्ष्मीची आखणी मेलबर्नच्या कॉलफिल्ड रेसकोर्सच्या नमुन्यावर झाली असं सांगतात, ते याच्याशी जुळतंही. पण मैदान लांबवण्याची गरज पडली म्हणून ते सोडावंच लागतं असं थोडंच आहे? आजूबाजूची जमीन रिकामी असती तर कुंपण चार पावलं सरकवून काम भागलं असतं. 1820मध्ये ते सहज जमलं असतं. 1870नंतर जमण्यासारखं नव्हतं, कारण चहूबाजूंनी शहर येऊन भिडलं होतं. घोड्यांचं युगच सरत होतं, असंही कुणी म्हणेल, तर ते वस्तुस्थितीच्या उलट आहे. मुंबईत घोड्यांच्या ट्राम 1874मध्ये सुरू झाल्या आणि त्यांच्या भरभराटीच्या काळात कंपनीकडे 900च्या घरात घोडे होते. घोडा मुंबईतून जायला अजून तीस-चाळीस वर्षं होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शर्यती हा उच्चभ्रूंचा खेळ, आणि उच्चभ्रू भायखळा-परळ सोडून मलबार हिलकडे निघाले म्हणून मैदानही गेलं, असा हा युक्तिवाद. तारखा त्याच्या बाजूने बोलतात. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा 1882मध्ये परळच्या बंगल्यात पटकीने मृत्यू झाला, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत गव्हर्नरचं बिऱ्हाड कायमचं मलबार पॉइंटला गेलं. परळच्या त्या वास्तूत शतक संपता संपता डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. शर्यतींचं स्थलांतर आणि गव्हर्नरचं स्थलांतर एकाच दशकातलं. तरी मला हे मैदान जाण्याचं वेगळं कारण वाटत नाही. ती एकाच कारणाची दुसरी फांदी आहे. साहेब लोक परळ-भायखळ्यातून का निघाले? गिरण्यांचा धूर, दाट वस्ती, तुंबलेली गटारं, कचऱ्याच्या भरावाची दुर्गंधी आणि पटकी यांमुळे. म्हणजे ज्या बदलाने जमिनीचा भाव चढवला त्यानेच हवा नासवली. शिवाय साहेबांच्या मागोमाग जायचं तर मैदान टेकडीच्या पायथ्याशी कुठेतरी हवं होतं, आणि तिथे एवढी सपाटी नव्हती. मैदान गेलं ते त्याच ‘फ्लॅट्स’च्या समुद्राकडच्या टोकाला, हॉर्नबीच्या बांधाच्या आड, जिथे अजून पाणी साचत होतं आणि गिरणीवाल्यांची नजर जेमतेम पोहोचली होती. मला तर हाच सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. भायखळ्याची जमीन 1800मध्ये ज्या अवस्थेत होती, जवळपास त्याच अवस्थेतली जमीन शोधत रेसकोर्स दोन-तीन किलोमीटर पश्चिमेला सरकला. हाजी अलीच्या चौकात जोराच्या पावसात आजही पाणी तुंबतं, त्याचं मूळ या सखलपणातच आहे.

जुगाराविरुद्धच्या नैतिक चळवळीला याचं श्रेय देण्याचा मोह होतो, पण त्यात फारसं काही नाही. मैदान हलल्यावर शर्यती वाढल्याच, आणि मुंबई इलाख्यात रेसकोर्सना परवाना लागू करणारा कायदा आला तो 1912मध्ये, भायखळा सुटून पाव शतकाहून जास्त काळ लोटल्यावर.

पुण्याचं काय, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. पुण्याच्या शर्यती 1830च्या सुमारापासूनच्या मानल्या जातात. तिथेही शहर वाढलं, मैदानाला वेढा पडला, तरी कॅम्पातलं रेसकोर्स जागचं हललं नाही. मुंबईचा मोसम संपला की पावसाळ्यात घोडे अजून तिथे जातात. शहराच्या वाढीने रेसकोर्स गिळलं जातं हे खरं, तर पुण्याचं का वाचलं? कारण ती जमीन लष्कराची. कलकत्त्याचं रेसकोर्स मैदानात टिकलं तेही लष्करी जमिनीवर. तिथे नगरपालिकेची गाडी कचरा टाकायला जाऊ शकत नव्हती आणि गिरणीमालक बोली लावू शकत नव्हता. त्यामुळे माझं म्हणणं जरा दुरुस्त करून मांडायला हवं : वाढतं शहर सगळीच मैदानं खात नाही, ज्यांना खंबीर मालक नाही ती खातं. भायखळ्याच्या मैदानाचा आश्रयदाता होता एक क्लब, आणि आपल्या सभासदांचीच बिऱ्हाडं हलू लागल्यावर क्लबला त्या जमिनीसाठी भांडण्याचं कारण उरलं नाही.

राहिला विस्मरणाचा प्रश्न. लंडनमध्ये नॉटिंग हिलला 1837मध्ये ‘हिप्पोड्रोम’ नावाचं रेसकोर्स निघालं आणि चिकट माती व मधून जाणाऱ्या पायवाटेचा वाद यांपायी चार-पाच वर्षांत बंद पडलं. तरी हिप्पोड्रोम प्लेस हे नाव तिथे अजून आहे. भायखळ्याचं मैदान ऐंशी वर्षं चाललं आणि एका गल्लीलाही नाव देऊन गेलं नाही. याचं कारण माणसांच्या येण्याजाण्यात आहे. ज्यांना ते आठवत होतं ते युरोपियन आणि शेटिये तिथून निघून गेले. भायखळा क्लबही विसाव्या शतकात उठला, आणि त्याचं नाव आता मुख्यतः जुन्या पाककृतींच्या पुस्तकांतल्या ‘भायखळा सूफ्ले’ या गोड पदार्थात उरलंय. त्यांच्या जागी कोकणातून, देशावरून, उत्तरेतून आलेले गिरणीकामगार राहायला आले ते मैदान बुजल्यावर. त्यांच्या भायखळ्यात भोंगा होता, राणीची बाग होती, जे. जे. हॉस्पिटल होतं. रेसचा नाद त्यांच्यातही अनेकांना लागला, पण त्यांचं रेसकोर्स महालक्ष्मीचं. आठवण पुढच्या पिढीला सांगायला दोन पिढ्या एका जागी राहाव्या लागतात, आणि ते भायखळ्यात घडलं नाही. टर्फ क्लबलाही, 1935मध्ये ‘रॉयल’ पदवी मिळालेल्या थाटाच्या संस्थेला, दलदलीतला जन्म मिरवण्याची हौस नसावी.

आता हीच पाळी महालक्ष्मीवर आली आहे. तिथली जमीन भाडेपट्ट्याची, आणि पट्टा 2013मध्ये संपल्यावर वर्षानुवर्षं घोळ चालला. 2024मध्ये राज्य सरकारने तोडगा काढला : 211 एकरांपैकी 120 एकर महापालिकेच्या सेंट्रल पार्कसाठी आणि 91 एकर टर्फ क्लबकडे. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने चेन्नईतल्या गिंडी रेसकोर्सचा भाडेपट्टा रद्द करून 160 एकर ताब्यात घेण्याची कारवाई केली. या वादात भायखळ्याचा दाखला दोन्ही बाजूंना वापरता येईल. पार्क मागणारे म्हणू शकतात की रेसकोर्स मुंबईत कधीच कायमचं नव्हतं, गरज बदलली की ते हललं. त्यावर क्लब विचारू शकतो की भायखळ्याचं मैदान सुटल्यावर तिथे लोकांसाठी काय राहिलं? तिथे बाग झाली नाही, चाळी आणि गोदामं झाली. या दोघांत मला क्लबचा प्रश्न जास्त अडचणीचा वाटतो. 120 एकर खरोखर मोकळे राहतील याची हमी मागताना, तो क्लबने विचारला आहे म्हणून बाजूला सारू नये. फरक एकच आहे : 1883मध्ये पश्चिमेला आणखी एक रिकामं खाजण होतं, आज महालक्ष्मीच्या पश्चिमेला कोस्टल रोड आहे.