तीन डॉक्टर, एकच श्वास

सकाळी उठलं की माझ्या पंधरा-वीस शिंका ठरलेल्या. सासूबाई म्हणायच्या, ‘उठली वाटतं सूनबाई!’ शिंकांसाठी एक डॉक्टर, दम्यासाठी दुसरे, ॲसिडिटीची गोळी मेडिकलमधून. एकाचं दुसऱ्याला सांगायचं असतं, हे सुचलंच नाही.

मग अर्धशिशी सुरू झाली. तिसऱ्या डॉक्टरांनी प्रोप्रानोलॉल लिहून दिली. दमा आहे का, त्यांनी विचारलं नाही. मीही बोलले नाही. दुसऱ्याच रात्री अशी धाप लागली, की रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. ही गोळी दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळू शकते, हे तिथं कळलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. म्हणाल्या, ‘‘अहो, नाक आणि फुप्फुसं ही एकाच वाटेची दोन टोकं. नाकातली सूज तशीच राहिली, तर दमा आटोक्यात येणं अवघड. आणि जेवून लगेच आडवं झालं, की आम्ल वर येतं. त्यानंही रात्री खोकला उठतो.’’

आता नाकाचा स्प्रे, रोजचा स्टिरॉइड इन्हेलर, त्यानंतर न चुकता चूळ आणि झोपेच्या दोन-तीन तास आधी जेवण. रात्री उशीला टेकून बसणं संपलं.

मैत्रिणींनो, घरातल्या एका वहीत आपली सगळी औषधं लिहा. अंगदुखीची गोळी आणि काचबिंदूचे थेंबसुद्धा! काही दमेकऱ्यांना तेही बाधतात. डॉक्टर कुठलेही असोत, ‘मला दमा आहे’ हे आधी सांगा. मी लाजले, ते जिवावर बेतलं होतं.